नमुन्याआधीचा अर्धा तास

स्वस्थ बसणं सोडून बाकी सगळं तिला जमायचं. बावीस वर्षं ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होती. तिची सुई पहिल्या फटक्यात शीर गाठायची, लहान मुलंसुद्धा रडायचं विसरायची. पण खुर्चीवर टेकली, की उजवा गुडघा शिवणयंत्रासारखा सुरू व्हायचा. वॉर्डातल्या नर्स तिला तोंडावर ताई म्हणायच्या आणि पाठीमागे भिंगरी. तिला दोन्ही नावं ठाऊक होती.

आणि नशीब बघा, सहा महिन्यांपूर्वी तिच्या गळ्यात काम पडलं ते नेमकं बसायचं. इस्पितळात एक अभ्यास चालला होता. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन इवल्या ग्रंथी असतात. माणूस घाबरला, की त्या आपला रस रक्तात सोडतात. छाती धडधडते आणि रक्तालाही गोठायची घाई होते, जणू आता कुठेतरी जखम होणारच. शस्त्रक्रियेच्या रुग्णाला तर ती होणारच असते. तर हा रस किती वाढतो आणि रक्त किती लवकर गोठतं, ते मोजायचं होतं. पण माणूस मुळात सुईलाच घाबरतो, मग मोजणार काय? म्हणून नियम असा होता, की आधी शिरेत बारीक नळी बसवायची आणि मग रुग्णाने अर्धा तास शांत पडून राहायचं. बोलायचं नाही, फोन नाही, नातेवाईक नाहीत. रक्त काढणारीने शेजारी घड्याळ घेऊन बसायचं आणि तीस मिनिटं झाली, की त्या नळीतून अलगद नमुना घ्यायचा.

नातेवाईक नाहीत, हा नियम त्या सकाळी आधीच मोडला होता. खाटेवर तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दिवसा तिच्याजवळ हाच बसायचा. दुसऱ्या दिवसापासून चालवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आई कण्हली, की हा विरघळायचा. राहू दे, उद्या उठू, म्हणायचा. पाचव्या दिवशी पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन बसली आणि आई गेली. बाहेरच्या व्हरांड्यात, सगळ्या नात्यागोत्यासमोर, ही भावाला म्हणाली होती, "तू तिला चालवलं नाहीस. तू मारलंस तिला." उचलली जीभ लावली टाळ्याला. तो काहीच बोलला नव्हता, आणि पुढे कधी बोललाच नाही.

इथवर हिची बाजू कुणालाही पटली असती. पुढची पटणार नाही.

सात वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. यंत्राला आधी निरोगी रक्त म्हणजे काय ते शिकवावं लागतं, आणि त्यासाठी वीस धडधाकट माणसं लागतात. सकाळी साडेसातला वीस धडधाकट माणसं आणायची कुठून? म्हणून प्रयोगशाळेतलेच लोक एकमेकांसमोर बाह्या सरसावतात. एकोणीस जणांचे आकडे शहाण्यासारखे एका ओळीत बसले आणि हिचा आकडा बाहेर. तिने पुन्हा रक्त दिलं. नळीला नावं ठेवली, मग यंत्राला नावं ठेवली. आकडा काही हलेना. शेवटी प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी आणखी तपासण्या केल्या आणि तिला दार लावून घ्यायला सांगितलं. तुझं रक्त जन्मापासूनच गोठायला उतावीळ आहे, त्या म्हणाल्या, आणि हे घरातून येतं. तुझ्या आईचं जे ऐकलं ते पाहता आईकडूनच आलं असणार. भावंडांना सांग. त्यांच्यापैकी कुणाची शस्त्रक्रिया निघाली, तर आधी सांग.

तिने मान हलवली आणि सात वर्षं मूग गिळून बसली. सांगायचं म्हणजे काय, व्हरांड्यात ओरडलेलं परत घ्यायला त्याच्या दारात जायचं. पहिल्या वर्षी तिला वाटलं, सवडीने जाऊ. मग इतका उशीर झाला, की त्या उशिराचंच कारण काय सांगायचं, हा वेगळा प्रश्न होऊन बसला.

काल दुपारी यादीत त्याचं नाव दिसलं. मोठ्या आतड्याचा तुकडा काढायचा, तीन तासांचं काम. संध्याकाळपर्यंत तिने तोडगा काढला होता. सकाळी नमुना घ्यायचा आणि सर्जनना बाजूला घेऊन सांगायचं. ते गुठळी न होण्याची इंजेक्शनं वाढवतील, भाऊ सुखरूप घरी जाईल आणि त्याला काही कळायचं नाही. साप मरेल, काठी तुटणार नाही. रात्रभर ती या तोडग्यावर कूस बदलत राहिली.

ती खोलीत आली, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते, पण पोटऱ्या मात्र तरुण पोरासारख्या पिळदार होत्या. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. भिंतीपलीकडे इस्पितळाची लिफ्ट करकरली, तसा त्याचा कान आपोआप तिकडे वळला.

"मूठ आवळा," ती म्हणाली. सख्ख्या भावाला तिने आवळा म्हटलं. नळी बसली. बोटाला नाडीचा चिमटा लावला. बहात्तर. तिने घड्याळ लावलं आणि खुर्चीवर बसली. गुडघा सुरू झाला.

चार मिनिटं गेली. हाताला चाळा हवा म्हणून तिने त्याची फाईल उघडली. रुग्णाने स्वतः भरायचा कागद वर होता. रक्ताची गुठळी होण्याचा आजार घरात कुणाला आहे का? समोर, 'नाही'. आई हयात आहे का, नसल्यास मृत्यूचं कारण? तिथे त्याने, बंद लिफ्टच्या दारावर पाटी लिहावी तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'शस्त्रक्रियेनंतर मुलाने चालवलं नाही.'

तिने ते तीनदा वाचलं. तिचंच वाक्य होतं ते. तिने एकदाच म्हटलं होतं आणि हा ते इस्पितळाच्या कागदावर लिहीत होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की गुडघासुद्धा थांबला. तोडगा कुठच्या कुठे गेला. अकरावं मिनिट चाललं होतं.

"दादा," ती म्हणाली.

त्याने न बोलता बोट घड्याळाकडे केलं. नियम म्हणजे नियम, असा माणूस तो.

"राहू दे ते. तू लिहिलंस ते खोटं आहे. आईच्या रक्तातच होतं ते. माझ्या रक्तात आहे, तुझ्याही असेल." आणि मग वीस जणांचं रक्त, ओळीबाहेरचा आकडा, मुख्य बाई, सगळं तिने खाली मान घालून एका दमात सांगून टाकलं. चिमट्याच्या यंत्रावर नाडी एकशे आठ झाली. नमुन्याचं वाटोळं झालं होतं.

त्याने विचारलं, "म्हणजे चालवलं असतं, तरी ती गेली असती?"

हो म्हणणं सोपं होतं. त्याला तेच हवं होतं, आणि तिलाही. पण जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, हे बावीस वर्षांत तिच्या अंगात मुरलं होतं.

"ते मला माहीत नाही. चालवायला हवं होतंच. पण तेवढ्याने सगळ्यांच्या आया जात नाहीत. तू मारलं नाहीस तिला. मी तसं म्हणायला नको होतं."

"तुला कधी कळलं हे?"

"सात वर्षं झाली."

तो ओरडेल म्हणून तिने खांदे आवळून घेतले.

"मी लिफ्टने वर जात नाही," तो म्हणाला. "आई गेल्यापासून. अकरा मजले, चौदा मजले, हत्यारांची पिशवी घेऊन जिन्याने जातो. चालायचं म्हणून. पोरं हसतात, लिफ्टवालाच लिफ्टला घाबरतो म्हणून. हसू देत, म्हटलं." तो थांबला. "सात वर्षं तरी मला लिफ्टने जाता आलं असतं."

तिने डोळे पुसले, चिमटा सोडवला, आणि उठण्याआधी अभ्यासाचा तक्ता पुढे ओढला. विश्रांती पूर्ण झाली का? 'नाही.' अडथळ्याचं कारण? 'बहीण बोलली.'

सर्जननी ऐकून घेतलं आणि मग तिला दोन शब्द सुनावले. सात वर्षं हातात असताना हे शस्त्रक्रियेच्या सकाळी सांगायचं, ताई? त्यांनी त्याचा क्रम पहिल्यावरून तिसरा केला, तपासणीसाठी वेगळं रक्त मागवलं आणि निकाल येईपर्यंत आजार आहे असंच धरून चालायचं ठरवलं. इंजेक्शनं घरी गेल्यावरही महिनाभर घ्यायची होती. त्याच्या मुलीलाही तपासून घ्यायचं होतं.

ती परत आली, तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. तिने सगळं नीट समजावून सांगितलं. आता वेळ आहे, तेव्हा अभ्यासाचा अर्धा तास पुन्हा मोजता येईल, नको असेल तर तेही चालेल, आणि मोजायचा असेल तर ती दुसऱ्या कुणाला पाठवते, असंही म्हणाली.

"कशाला दुसरं कुणी?" तो म्हणाला. "नऊ वर्षं गप्प बसलो, अर्ध्या तासाचं काय मोठं? फक्त तो गुडघा आवर. खाट हलते."

ती हसली, आणि हसता हसता तिचं नाक वाहायला लागलं.

कागद दुरुस्त करायचा राहिला होता. तिने फाईल आणि पेन त्याच्यापुढे धरलं. त्याने पहिल्या प्रश्नासमोरचं 'नाही' खोडून 'बहिणीला आहे' असं लिहिलं. दुसऱ्या प्रश्नापाशी पेन अडलं. त्याने ते ठसठशीत अक्षरांवर नुसतं टेकवून ठेवलं, मग उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"हे तू खोड," तो म्हणाला. "हे तू लिहिलेलं आहे."

तिने त्या ओळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारली. मग तो आडवा झाला, हात तिच्याकडे करून त्याने डोळे मिटले, आणि तिने घड्याळ पुन्हा पहिल्या मिनिटापासून लावलं.