पहिल्या पायरीखालचा दगड

जांभूळठाणला समुद्र नाही, पण गावाच्या तिन्ही बाजूंनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी आहे, आणि तेवढ्यावर कोल्हारच्या बाजारातले लोक या गावच्या माणसांना ‘या कोकणकर’ म्हणून हाक मारतात. गहिनीनाथांना ते मनातून आवडायचं. माणूस हौशी. पांढरंशुभ्र धोतर, तसाच सदरा, आणि गावात कुठलंही मंडळ निघालं की अध्यक्षपद यांच्याकडे, कारण एवढे पांढरे कपडे दुसऱ्या कुणाचेच नव्हते. ते पांढरे कोण ठेवतं हा प्रश्न गावात कुणाला पडला नव्हता. गहिनीनाथांना तर मुळीच नाही.

चौऱ्याण्णव साल होतं. जिल्ह्यात आदर्श गावाचं वारं सुटलं होतं. कुणी बांध घालत होतं, कुणी झाडं लावत होतं. जांभूळठाणच्या मंडळाने मारुतीच्या पारावर बसून ठरवलं की आपण बायकांसाठी धुण्याचा घाट बांधायचा, श्रमदानातून, वरून सिमेंट घोटलेला. बायकांसाठीच असल्यामुळे बायकांना विचारायची गरज कुणाला वाटली नाही. आणि विचारणार तरी कुणाला? भाऊबीज होती. घरोघरच्या बायका माहेरी गेलेल्या, गहिनीनाथांच्या रतनबाई देवळालीला. मागे उरलेल्या पुरुषांना शिळ्या भाकरीशिवाय दुसरं काम नव्हतं, त्यामुळे उत्साह उतू चालला होता.

घाटाच्या पायात घालायला प्रत्येक घराने एक दगड द्यायचा असं ठरलं. आता इथली जमीन म्हणजे नुसता गाळ, दगड आणायचा कुठून? पण पाण्याच्या कडेला, जिकडे पुरुषमाणूस एरवी फिरकत नसे, तिथे धुण्याचे काळे सपाट दगड ओळीने मांडलेलेच होते. मंडळाला वाटलं, देवच पावला. गहिनीनाथांनी त्यातला सगळ्यात मोठा निवडला. तो रतनबाईंचा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, घरी त्याचं कौतुक त्यांनी कितीदा ऐकलं होतं. अध्यक्षांच्या घरचा दगड पहिला बसायला नको का? चौघांनी तो उचलला, हळद-कुंकू वाहिलं आणि पहिल्या पायरीखाली गाडला. वर गहिनीनाथांच्या नावाची कोनशिला बसली.

“तुमचा दगड कुठंय?” त्यांनी उत्तमरावांना विचारलं. उत्तमराव गवंडी, घाटाचं सगळं काम त्यांच्याच देखरेखीखाली चाललं होतं.

“म्या न्हाई आनला,” उत्तमराव थापी पुसत म्हणाले. “आमची विमल घरीच हाय. तिला इचारलं, तर ती नुसती माझ्याकडं बघत राह्यली. मग म्या इषय वाढवला न्हाई.”

गहिनीनाथ हसले. बायकोला भिणाऱ्या माणसाची त्यांना नेहमीच कीव येई.

रतनबाई परतल्या, धुण्याची पाटी घेऊन पाण्यावर गेल्या आणि तशाच मागे आल्या.

“माझा दगड?”

गहिनीनाथांनी छाती फुगवून सगळं सांगितलं. पूजेचं जरा जास्तच सांगितलं. रतनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि तिथेच खरं तर गहिनीनाथांनी सावध व्हायला हवं होतं.

“लई चांगलं केलं,” त्या म्हणाल्या. “घाट तुमचा, तवा तुमचं धुनं तुमी तिथंच धुवा. माझा दगड माघारी आला की मी हायेच.”

बघता बघता ही साथ घरोघर पसरली. बायका आपलं आणि लेकरांचं धुणं आडावर उरकू लागल्या, पुरुषांचे कपडे तेवढे बाजूला. दोन दिवस ताणून धरल्यावर गहिनीनाथ बगलेत धोतर मारून घाटावर गेले. सिमेंट असं काही घोटलं होतं की धोतर आपटलं की निसटून पाण्यात, आणि धोतर धरायला वाकलं की माणूसही पाण्यात. सदऱ्याची बटणं फुटली. मळ तसाच राहिला. तो झाकायला त्यांनी नीळ घातली ती मापाबाहेर, आणि मंडळाचे अध्यक्ष आभाळाच्या रंगाचे होऊन पारावर आले. लोक तोंड फिरवून हसले. हसणाऱ्यांचे कपडे तर मातकटच होते.

आणि मग पाणीच निघून गेलं. फुगवट्याचं पाणी ते, दिवाळीला गावाला लागतं आणि कालव्यांना सुटायला लागलं की उतरत जातं, हे पोरासोरांनाही माहीत. पण घाट बांधताना पाणी समोर होतं, म्हणून कुणाला ते आठवलंच नाही. माघात घाट कोरडा, त्याच्याखाली गुडघाभर चिखल आणि पाणी पार लांब.

“घाट बराबर हाय,” उत्तमराव म्हणाले. “पानी चुकलं.”

नेमकी तेव्हाच उद्घाटनाला पंचायत समितीच्या साहेबांनी तारीख दिली. फोटोवाला येणार होता. घाटावर धुणाऱ्या बायका दिसायला हव्यात असा निरोपही आला. गहिनीनाथांनी रतनबाईंसमोर मान खाली घातली. “येक दिस चल. माझी अब्रू जाती.”

“दगड द्या,” रतनबाई म्हणाल्या.

“त्याच्यावर माझ्या नावाची फरशी हाय.”

“मग फरशीवरच नांदा.”

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी गहिनीनाथ पहार घेऊन घाटावर उभे राहिले. कोनशिलेवरच्या आपल्या नावावरून एकदा हात फिरवला. साहेबांसमोर अब्रू जायची ती जाईल, पण तीन तीन महिने बायको आपल्याशी दगडापलीकडचं बोलत नाही, हे त्यांना आता सोसवत नव्हतं. घरात जेवायला मिळत होतं, चहाही मिळत होता, पण घर मुकं झालं होतं. त्यांनी पहार घातली. उत्तमराव मदतीला आले. फरशी दुभंगली, पायरी उचकटली, दगड बाहेर आला.

पाण्यापर्यंत न्यायचं म्हणून गहिनीनाथ एकटेच त्याला भिडले. तो जागचा हलेना. त्याने कशीबशी एक पलटी खाल्ली आणि यांचा पाय चिखलात रुतला. धापा टाकत त्यांनी वर पाहिलं. शेजारच्या केशरबाई काठावर उभ्या होत्या.

“ह्यो दरसाली खाली कसा येतो?” गहिनीनाथांनी विचारलं.

“कसा म्हंजे? पानी उतरंल तसा मी अन् रतन ढकलत नेतो, अन् भरंल तसा वर आनतो. तुमच्या गोरक्षाच्या टायमाला रतनला आठवा म्हैना हुता, तवाबी आनला.”

गहिनीनाथ चिखलात तसेच उभे राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी उघडी आणि स्वच्छ लाज. इतकी वर्षं आपण पांढरे राहिलो ते कशावर, हे त्यांना चिखलात उभं राहून कळत होतं. ते पुन्हा वाकले आणि दगडाला खांदा लावला.

तोवर काठावर सगळ्या बायका जमल्या होत्या, हाताची घडी घालून. त्यांच्याकडे एकदा पाहून बाकीचे पुरुषही पहारी घेऊन आले. साहेबांची जीप आली तेव्हा घाटाचा पार सांगाडा झाला होता आणि अख्खं मंडळ चिखलात दगड लोटत होतं.

“घाट कुठंय, अध्यक्ष?” साहेबांनी विचारलं.

“पान्याच्या मागं चाललाय, साहेब,” गहिनीनाथ म्हणाले.

साहेब भला माणूस. नारळ हातात होताच, तो फोडायला ते पाण्याच्या कडेला पोचलेल्या पहिल्या दगडाकडे वळले.

“तिकडं फोडा,” रतनबाई म्हणाल्या. “ह्यो धुन्याचा हाय.” मग त्यांनी पदर खोचला, दगडापाशी बसल्या आणि नवऱ्याकडे हात केला. “द्या ते धोतर.”

“हितं? पाव्हन्यांसमोर?”

“द्या.”

साहेबांच्या सत्कारासाठी आणलेली शाल शेवटी गहिनीनाथांच्या कमरेला गुंडाळली गेली. धोतराचा पहिला तडाखा दगडावर बसला आणि तो आवाज ऐकून त्यांना दिवाळीनंतर पहिल्यांदा बरं वाटलं. फोटोवाल्याने फोटो काढला. त्यात साहेब कडेला आहेत.

“चैतात आनखी खाली न्यावा लागंल,” धोतर पिळता पिळता रतनबाई म्हणाल्या.

“नेऊ की. उद्याच मंडळाचा ठराव करतो.”

“ठराव नको,” त्या म्हणाल्या. “हात लावा म्हंजे झालं.”