मानेतली सळई

मी एक जुनी बेस गिटार आहे आणि मित्रांनो, मी वैतागले आहे. गाण्यात मी असले तर कुणाच्या लक्षात येत नाही, नसले की गाणे पोकळ वाटते. त्याचा मला राग नाही. माझा सगळा राग माझ्या मानेपायी आहे.

माझ्या चार जाड तारा मानेला रात्रंदिवस ओढत असतात. ती वाकू नये म्हणून तिच्या पोटात लोखंडी सळई असते. सळईच्या टोकाचा नट पाव वळसा फिरवला की मान सरळ. हा नट माझ्या कारागिराने कुठे ठेवावा? मानेच्या बुडाशी, धडाच्या लाकडात गाडून! म्हणजे पाव वळशासाठी तारा सोडा, चार स्क्रू काढा, मान उपटा, नट फिरवा, पुन्हा सगळे जोडा. चुकले तर पहिल्यापासून सुरुवात.

“अहो, नट मानेच्या वरच्या टोकाला, डोक्याकडे घ्या की,” त्याची बायको म्हणायची. दुकान ती सांभाळायची, त्यामुळे गिऱ्हाइकांची बोलणी तिलाच खावी लागत.

“डोक्याला भोक पाडू? रूप जाईल तिचं!”

हट्टापुढे इलाज नसतो. दुरुस्तीला आलेली गिटार मात्र तो स्वतः हात न लावता मदतनिसाकडे ढकलायचा. लोक माझ्यासारख्यांचे तोंडभर कौतुक करत आणि समोरच्या कारखान्यातून गिटार घेत. तिथल्या गिटारींच्या डोक्याला भोक होते, पण त्यांची मान उभ्या उभ्या सरळ व्हायची. तीन वर्षांत आमच्या दुकानाला कुलूप लागले. कारागीर स्वयंपाकघराची कपाटे करू लागला.

मला एका शिक्षिकेने घेतले. वीस वर्षे तिने मला जीव लावून वाजवले, पण मान काढायचा तिला भारी कंटाळा. एकदा तर भावाचे ऐकून तिने माझ्या वाकल्या मानेवर आठवडाभर जाड शब्दकोश रचून ठेवले. मी काय चुरगळलेला कागद आहे? शेवटी मान वाकून तारा तिच्यापासून इतक्या उंच गेल्या की त्या दाबताना तिची बोटे सोलवटली.

“टाकून दे आता,” भाऊ म्हणाला. मी घाबरले. तिने शेवटचा उपाय म्हणून कारागिराचा पत्ता शोधला आणि मला त्याच्याकडे नेले.

त्याने मान काढली, नट फिरवला, मान जोडली. जास्त झाले. पुन्हा काढली. कमी पडले. तिसऱ्यांदा स्क्रूड्रायव्हर सटकून अंगठ्यात घुसला.

“कुठल्या गाढवानं हा नट इथं...” तो ओरडला.

“नाव सांगू?” दारातून बायको म्हणाली.

त्याने पटाशी घेतली आणि नटासमोर माझ्या धडात अंगठ्याएवढी खाच कोरली. दहा मिनिटांचे काम. आता मान न काढता नट फिरवायची चावी आत जाते. माझी मान सरळ झाली, सूर पूर्वीसारखा घुमला, शिक्षिकेचे डोळे भरून आले. तो मात्र खाचेवरून बोट फिरवत बसून राहिला.

“एवढंच होतं गं,” तो म्हणाला. या वेळी बायकोने चेष्टा केली नाही.

मित्रांनो, वापरणाऱ्याने वस्तू जपावी हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझी विनवणी तुमच्यातल्या उद्याच्या कारागिरांना आहे. आपण केलेली वस्तू एकदा तरी आपल्याच हाताने दुरुस्त करून बघा. आणि बघायचे ते दुकान उघडे आहे तोवर बघा.