दोन बोटं लहान रिंग

मी सिंदी रेल्वे या गावच्या मैदानावरची बास्केटबॉलची रिंग बोलतेय. शहरातल्या गुळगुळीत रिंगांनी मला पाहून नाकं मुरडू नयेत. माझा जन्म बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून झाला आहे.

अठ्ठ्याण्णव साली सुलोचना मॅडमनी गावातल्या मुलींचा संघ उभा केला आणि टिकाराम लोहारांना अठरा इंचांची रिंग करायला सांगितली. टिकारामजींचा जन्म चाकांना धावा चढवण्यात गेलेला. धाव चाकापेक्षा जरा लहानच करतात. तापवली की ती फुगून चाकावर चढते आणि निवली की घट्ट आवळून बसते. त्याच सवयीनं त्यांनी मला दोन बोटं लहान केलं. मोजलं कुणीच नाही. लोहाराला माप कोण शिकवणार?

जागा बबनरावांची, त्यांच्या कापसाच्या गाड्या उभ्या करायची. त्यांनी एका हंगामापुरती दिली होती. जिल्ह्याची लीग जिंकली तर मैदान पोरींचं, नाहीतर दिवाळीनंतर तिथं पुन्हा गाड्या.

संघाची कर्णधार ज्योत्स्ना. चणीनं लहान, हट्टानं भारी. रोज सकाळी ती शंभर वेळा बॉल टाकायची आणि त्यातले सत्तर मी परत पाठवायचे. मला फार वाईट वाटायचं, पण लोखंडानं ताणून ताणून किती ताणावं? पोरींना वाटे, खोट आपल्याच हातात आहे. त्या आणखी घाम गाळत.

मग सामने सुरू झाले आणि पोरी जिंकतच सुटल्या. हिंगणघाटची रिंग विहिरीएवढी वाटली, असं त्या हसून सांगत होत्या. फायनलच्या आठवडाभर आधी एक पंच सराव पाहायला आले. त्यांनी मला मापाची टेप लावली आणि माझं बिंग फुटलं. टिकारामजी खाली मान घालून छिन्नी-हातोडा घेऊन आले. ज्योत्स्ना माझ्याखाली उभी राहिली.

"राहू द्या हिले, काका. हिच्यात बॉल पडला तं कुठंबी पडते."

फायनल परगावी झाली आणि त्या एका गुणानं हरल्या. शेवटचा बॉल ज्योत्स्नाचाच होता आणि तिथल्या ऐसपैस रिंगनं तो बाहेर फेकला. मला त्या रिंगचा असा राग आला म्हणून सांगू!

बबनराव शब्दाचे पक्के. दिवाळी सरताच गाड्या आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ज्योत्स्नाही आली, पाठोपाठ बाकीच्या. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत उभ्या राहून त्या बॉल टाकू लागल्या. चुकलेला बॉल कापसात जाई, तो उपसून पुन्हा टाकत. बबनरावांनी तीन दिवस हे पाहिलं. चौथ्या दिवशी गाडीवानांना बोलावलं.

"हरलेल्या पोरी सकाळी सहाले येत नसतात. गाड्या बाजूले घ्या."

त्याला आता दहा वर्षं झाली. मी गंजले आहे, जाळी तर कधीच गेली. आता ज्योत्स्नाच पोरींना शिकवते. नियमाची रिंग आणायची म्हणतात. खुशाल आणा, समोरच्या टोकाला लावा. मला मात्र मोठी करू नका. ज्या पोरीला जिंकायचंय, तिला आधी माझ्याकडे पाठवा.