उसनी बॅटरी

“परत रिकामाच?” सुलेखानं आपला परत आलेला डबा कानाशी धरून हलवला. “धन्य आहेस बाबा तू, सुशांत.”

न्यूझीलंडमधल्या ‘ते आनाऊ’ नावाच्या गावी, मोटेलबाहेर तिघं गाडीत सामान भरत होते. २००६ सालचा जून, म्हणजे तिकडचा हिवाळा, क्वीन्स बर्थडेचा लाँग वीकेंड, आणि सकाळचे आठ वाजले तरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागत होता. सुशांत ओशाळून हसला. आता ख्राइस्टचर्चमध्ये एकटा राहणारा सॉफ्टवेअरवाला डब्यात भरून भरून काय भरणार, हे खरं. पण चिमूटभर साखर तरी? सुलेखाच्या घरची रीतच होती ती. तिचा नवरा गुरुनाथ तर या बाबतीत पक्का. कुणाचं भांडं, कुणाची छत्री, कुणाचा पाना, काहीही परत करायचं तर सोबत काहीतरी जायचंच. शेजारच्या सामोअन आजींचा केकचा डबा त्यानं दाण्याच्या लाडवांनी भरून दिला होता. घरात काहीच नसलं तर झाडाचं एक लिंबू. “रिकामं कसं द्यायचं?” म्हणायचा.

हा गुरुनाथ गेल्या वर्षी याच वीकेंडला पाठीला हवेची टाकी लावून मिलफर्डच्या खाडीत उतरला, खाली एका कपारीत शिरला आणि वर आलाच नाही. बरोबर एकटा सुशांत होता. पोलिसांच्या पाणबुड्यांनी चार दिवस शोधलं, पण पायातलं पोहायचं एक फिनसुद्धा सापडलं नाही. यंदा सुलेखाला ती जागा बघायची होती, बोटीतून फुलं सोडायची होती. सुशांत म्हणाला, मी एकदा खाली जाऊन येतो. तसं म्हणाला नसता तर बरं दिसलं नसतं, म्हणून म्हणाला. जोडीला त्याच्या ऑफिसातला चिराग आला. तरणाबांड, उत्साही, आणि गेल्या वर्षीचं काही फारसं ठाऊक नसलेला.

वाटेतल्या बोगद्याच्या अलीकडे सिग्नलला गाडी थांबली. सुलेखा खिडकीबाहेर बघत म्हणाली, “सुशांत, त्याच्या हातात बॅटरी होती ना?”

वर्षभरात हा प्रश्न तिनं किती वेळा विचारला असेल, देव जाणे.

“होती गं. चांगली, लखलखीत.”

“मग वाट दिसत असणार त्याला.” तिनं काचेवरची वाफ पुसली. “त्या दिवशी सकाळी फोनवर भांडले होते मी. त्याला पुण्याला परत जायचं होतं, मला नव्हतं. मी म्हटलं, येऊच नकोस मग घरी. हातात दिवा असून माणूस बाहेर पडत नाही म्हणजे त्याला पडायचंच नव्हतं. हो ना?”

“असं काही नसतं, सुलेखाताई,” चिराग पुटपुटला आणि उगाचच हीटर वाढवला. सुशांत समोरच्या लाल दिव्याकडे बघत राहिला.

त्याला सगळं माहीत होतं. गुरुनाथ त्या दिवशी स्वतःची बॅटरी मोटेलवर चार्जरला विसरला होता. सुशांतकडे दोन होत्या. एक नवी कोरी, त्याच्या मनगटाला बांधलेली. दुसरी डिकीत पडलेली जुनी पिवळी, मध्येच डोळे मिटणारी. तळहातावर दोनदा आपटली की लागायची. “चालते ना रे?” गुरुनाथनं विचारलं, आणि सुशांत म्हणाला, “मस्त चालते.” आपटण्याचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, डोंबल! सांगितलं असतं तर गुरुनाथ म्हणाला असता, मग नवी दे की. ती द्यायची नव्हती, एवढीच गोष्ट. पुढे पोलिसांना आणि सुलेखाला त्यानं सांगितलं, बॅटरी उत्तम होती. आणि त्या एका वाक्यावर ही बाई वर्षभर स्वतःला जाळत बसली होती.

बोटवाला ग्रॅहम धक्क्यावर वाट बघत होता. डोंगर इतके उभे की भर दुपारीही ऊन पाण्यापर्यंत पोहोचत नव्हतं. रात्रभर पाऊस झाला होता. कड्यांवरून आलेलं गोडं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं आणि ते खाऱ्या पाण्यावर तसंच तरंगत राहतं. त्याच्याखाली दिवसाढवळ्या अंधार.

“वीस मिनिटं,” सुशांत म्हणाला. “कपारीच्या तोंडापर्यंत जायचं. आत नाही.”

“सांभाळून,” सुलेखा म्हणाली. तिच्या मांडीवर शेवंतीची पुडी होती.

पाणी थंड म्हणजे किती थंड! ओठ आधी दुखले, मग ते आहेत की नाहीत तेच कळेना. चहाचा थर संपला आणि खाली एकदम स्वच्छ, काळंभोर पाणी लागलं. वर पाहिलं तर नुसता तांबूस उजेड. चिराग डावीकडे कड्याला धरून उतरत होता. अठरा मीटरवर कपारीचं तोंड आलं. सुशांतनं हातातला झोत आत टाकला आणि लगेच काढून घेतला. बघितलं, झालं, आता परत, असं त्यानं मनाशी म्हटलं.

तेवढ्यात आत उजेड लागला. विझला. पुन्हा लागला.

चिराग्या गाढव आत शिरला की काय! सुशांत रागानंच दोन हात पुढे गेला. झोत हळूहळू त्याच्याकडे येत होता. मागे एक पाणबुड्या, काळा सूट, डोक्यावर टोपरं, तोंडावर मुखवटा. त्या कपड्यांत सगळी माणसं सारखीच दिसतात. सुशांतनं अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. ठीक आहेस ना?

उत्तर हातानं द्यायचं असतं. यानं मान हलवली. धड हो नाही, धड नाही नाही, डावीकडे उजवीकडे, आपण हलवतो तशी. शिकवणारा मास्तर पूलमध्ये एकाच माणसावर ओरडायचा, “मान नको, हात!” आणि तो माणूस बाहेर येऊन हसायचा. गुरुनाथ.

मग सुशांतच्या लक्षात आलं की याच्या तोंडातून बुडबुडे येत नाहीयेत.

त्याला हलता येईना. स्वतःचेच बुडबुडे कानाशी गडगडत होते. त्या माणसानं हात पुढे केला, सुशांतच्या कमरेला लटकणाऱ्या जाळीच्या पिशवीपर्यंत आणला, आणि पिशवी जड झाली. अगदी हळुवारपणे, शेजाऱ्याच्या ओट्यावर डबा ठेवावा तशी.

मागून कुणीतरी पाय ओढला. सुशांत किंचाळला असता, पण तोंडात नळी होती. वळून बघतो तर चिराग, डोळे वटारून वर चल म्हणून अंगठा दाखवत होता. सुशांतनं पुन्हा समोर पाहिलं. कपारीत नुसता काळोख होता.

“तुम्ही आत कशाला गेलात?” बोटीत चढल्याबरोबर चिराग ओरडला. “आणि हात कुणाला करत होतात?”

सुशांतचे दात वाजत होते. ग्रॅहमनं त्याची पिशवी उचलली आणि कपाळाला आठ्या घातल्या. आत पिवळी बॅटरी होती, शेवाळाचा डागही नसलेली, चालू. आणि तिच्या दांड्याला घट्ट चिकटलेला एक जिवंत शिंपला, तिकडे ज्याला पावा म्हणतात तो, मोठा, हाताच्या पंजाएवढा.

“दोस्ता, टाकी लावून पावा काढायचा नसतो,” ग्रॅहम म्हणाला. “दंड होईल. सोड त्याला परत.”

“आम्ही नाही काढला,” चिराग म्हणाला.

सुलेखानं बॅटरी मांडीवर घेतली. तिच्या तोंडाकडे बघवेना. दांड्यावर पांढरी पट्टी होती, पट्टीवर मार्करनं एकच अक्षर. सु.

“माझं नाव,” ती म्हणाली. “बघ रे सुशांत, माझं नाव घातलं होतं त्यानं. आणि बघ, रिकामी नाही पाठवली.” ती रडता रडता हसली. “म्हणजे माफ केलं ना त्यानं मला?”

सुशांतनं नुसतं हो म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं! तिला शांती मिळाली असती, तो सुटला असता, कुणाचं काही गेलं नसतं. हो अगदी ओठांवर आलं.

आणि बॅटरी विझली.

“अरे, गेली!” सुलेखा घाबरून बटण दाबायला लागली. “गेली रे! काय करू?”

“तळहातावर आपट,” सुशांत म्हणाला. “दोनदा. लागते.”

तिनं एकदा आपटली. दुसऱ्यांदा आपटली. झोत लागला, आणि सरळ त्याच्या तोंडावर पडला.

“तुला कसं माहीत?”

इंजिन बंद होतं. चिराग टॉवेल हातात धरून तसाच उभा होता. सुशांतनं डोळे मिटले.

“माझी आहे ती. सु म्हणजे मी. पहिल्यापासून अशीच मध्येच जायची. मी त्याला सांगितलं नव्हतं.”

आता ही मारणार, असं त्याला वाटलं. मारावं, असंही वाटलं. पण तिनं झोत त्याच्या तोंडावरून काढून खाली पाण्यावर वळवला.

“म्हणजे आत त्याला दिसत नव्हतं,” ती शेवटी म्हणाली.

“नाही.”

“म्हणजे त्याला यायचं होतं घरी.”

“हो, सुलेखा. यायचं होतं.”

तेव्हा ती रडली. वर्षभरात अशी कधी रडली नव्हती, मोठ्यानं, लहान मुलासारखी. ग्रॅहम पाठ फिरवून उगाचच दोर गुंडाळत राहिला.

मग तिनं डोळे पुसले. चिरागकडून सुरी मागून घेतली आणि पावा अलगद सोडवला. तो दोन्ही हातांत धरून पाण्यात सोडला, त्याच्यामागे शेवंतीची फुलं सोडली. बॅटरी पदरानं पुसावी तशी जॅकेटच्या टोकानं कोरडी पुसली आणि सुशांतपुढे धरली.

“घे. तुझी आहे ना?”

त्यानं हात पुढे केला. त्या घरातून आजवर कुणाचीही वस्तू नुसती परत गेली नव्हती. ही नुसतीच गेली.