माझी सैल शिवण

मी एक जुने बायबल आहे, मित्रांनो. काळी जिल्द, तांबड्या कडा आणि एका जागी सैल झालेली शिवण. त्या शिवणीनेच घात केला, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मुंबईच्या एका छापखान्यात माझी बांधणी झाली आणि मी हैदराबादला, तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दत्तोबांच्या घरी आले. ते रेल्वेत कारकून होते आणि आमच्या छोट्या मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार पाहत. घरातले जन्म, लग्ने, मृत्यू ते माझ्या पहिल्या पानावर लिहीत. निवडणूक आली की आठ दिवस मला वाचत. राजांच्या गोष्टी वाचत, त्या राजांना संदेष्ट्यांनी सुनावलेले बोल वाचत, आणि मगच मत कुणाला ते ठरवत. कधी वाचता वाचता त्यांचे आधीचे मत बदलून जाई. मग ते दिवसभर चिडलेले असत. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

दत्तोबा गेले. मुलाने, सुधीरने, माझ्या पहिल्या पानावर ती तारीख लिहिली आणि तो मंडळीचा सेक्रेटरी झाला. शहरात नवनव्या कंपन्या येत होत्या, जमिनीला सोन्याचा भाव आला होता. अशात एक उमेदवार उपासनेला आला. तुमची मते मला द्या, तुमच्या मंडळीच्या दफनभूमीची मोकळी बाजू दुकानांसाठी द्या, मी तुम्हाला मोठे सभागृह बांधून देतो, असे तो म्हणाला. सुधीरने त्याचे पत्रक माझ्यात ठेवले, अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा असे सांगणाऱ्या पानापाशी. दोन महिने दर सभेत त्याने तेच पान उघडले. माझी शिवण तिथे सैल पडली.

निर्णयाच्या सभेत लोक भांडू लागले. सुधीरची बायको वैशाली उठली. "अहो, पप्पा आठ आठ दिवस वाचायचे. गरिबाचा द्राक्षमळा लाटणाऱ्या राजाची गोष्ट तरी आधी वाचा."

"आठ दिवस टाइम कुणाला आहे? नक्को. देवालाच विचारू," सुधीर म्हणाला.

मी जिथे उघडेन ती देवाची इच्छा, असे ठरले. सुधीरने पत्रक काढले, डोळे मिटले, मला कण्यावर उभे धरले आणि सोडले. मी जीव खाऊन धडपडले, पण जुने पुस्तक सवयीच्याच पानावर उघडते. सगळे "आमेन" म्हणाले आणि जागा द्यायचे ठरले. सुधीर लबाड नव्हता, त्याला खरेच देवाचा आवाज ऐकू आला. हेच मला जाळते.

उमेदवार निवडून आला. सभागृहाचा पाया कधी खणलाच गेला नाही. दुकानांची भिंत मात्र कबरींच्या दोन रांगा गिळून पुढे सरकली, आणि दत्तोबांची कबर त्यांतच होती. सुधीर अर्ज घेऊन नेत्याच्या दारी गेला, तर तिथला माणूस म्हणाला, "तुमच्याच खुदानं हो म्हटलं ना, सेक्रेटरीसाब?" घरी येऊन त्याने मला काचेच्या कपाटात ठेवले. त्यानंतर त्याने मला हात लावलेला नाही.

वैशाली कधीतरी द्राक्षमळ्याचे पान काढते. तिथे कडेला दत्तोबांनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, "हे मंडळीत वाचून दाखवणे."

मित्रांनो, मला नवी जिल्द नको, अगरबत्तीही नको. मला वाचा, आणि तुमच्या मनाविरुद्धचे पान आधी वाचा. कुणी ऐकेल अशी आशा मला उरलेली नाही. दत्तोबांच्या नावाचा दगड भिंतीखाली गेला. त्यांचे नाव आता फक्त माझ्या पहिल्या पानावर आहे, आणि ते पान कुणी उघडत नाही.