रेवूचे ओले केस

रेवूच्या केसांना औषधासारखा वास येतो, हे वच्छलाबाईंच्या लक्षात आलं ते होळीनंतरच्या सोमवारी. दीड वर्षाची नात मांडीवर येऊन बसली आणि मानेपाशी तिचे केस हाताला ओले लागले. सून दामिनी तिला घेऊन नुकतीच अमरावतीहून आली होती.

"पोट्टीचे केस काहून ओले आहेत वं?"

"घाम आला, आई. स्कुटीवर ऊन लागते ना."

घामाला असा वास येत नाही, एवढं वच्छलाबाईंना कळत होतं.

मोर्शी रस्त्यावरच्या आपल्या गावातून दामिनी आठवड्यातून तीनदा निघायची आणि जेवणाच्या आत परतायची. रेवूच्या छातीत कफ आहे, डॉक्टरनं वाफ द्यायला सांगितलंय, असं तिचं म्हणणं. पण पोरगी एकदाही खोकत नव्हती. घरात औषधाची बाटली नव्हती. बुधवारी दामिनी आंघोळीला गेली तशी वच्छलाबाईंनी तिची पिशवी उघडली. आत ओला टॉवेल आणि रबरासारख्या कापडाची एवढीशी चड्डी. डॉक्टरची चिठ्ठी कुठेच नाही. त्यांनी सगळं होतं तसं परत ठेवलं.

जेवताना त्यांनी मुलाला, गजेंद्रला विचारलं. त्यानं ताटातून मान वर केली नाही.

"वाफच आहे, आई."

म्हणजे हाही खोटं बोलत होता. नवऱ्यापाशी, किसनरावांपाशी विषय काढला, तर ते बागेतल्या मोटारीचं सांगू लागले. मग वच्छलाबाईंचं डोकं एकटंच चालू लागलं. पोरीला काही मोठं दुखणं आहे आणि म्हातारीपासून लपवतात? की ही कोण्या बाबाच्या नादी लागली, आणि तो लेकराच्या डोक्यावर मंतरलेलं पाणी ओततो? आणि सून-मुलानं मलाच वगळलं, ते का? या शेवटच्या प्रश्नापाशी त्या थबकायच्या. दिवाळीतली एक गोष्ट त्यांनी चार महिने कोणालाच सांगितली नव्हती.

शुक्रवारी त्या म्हणाल्या, "मी बी येतो."

"तिथं बसायले जागा नाई, आई," दामिनी म्हणाली आणि स्कुटी काढली.

वच्छलाबाई शेजारच्या नत्थुजींच्या ऑटोत जाऊन बसल्या. "त्या स्कुटीच्या मागं घ्या. आन मले काही इचारू नका."

अमरावतीत शिरल्यावर स्कुटी एका कॉलनीत वळली आणि एका बंगल्याच्या फाटकातून आत गेली. ना पाटी, ना दवाखान्यासारखं काही. वच्छलाबाई कडेकडेनं मागच्या बाजूला गेल्या. तिथं निळ्या फरशीचा एक हौद होता, दोन खोल्यांएवढा. कमरेएवढ्या पाण्यात पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती आणि तिच्या हातात रेवू रडत होती. अंगात फ्रॉक, पायात बूट.

बाईनं रेवूला पाण्यात सोडलं आणि दोन्ही हात बाजूला घेतले.

रेवू खाली गेली. काठावर दामिनी उभी होती. ती बघत होती आणि जागची हलत नव्हती.

वच्छलाबाई कधी धावल्या, त्यांना कळलं नाही. चपलांसकट त्या पाण्यात उतरल्या. लुगडं पायांत गुंडाळलं गेलं, तोल गेला, त्या सावरल्या. तेवढ्या वेळात रेवू पाण्यातच कुशीवर वळली, मग उताणी झाली. तोंड वर आलं. हात पसरून ती तरंगत होती आणि पूर्ण छाती भरून रडत होती.

"हात लावू नका," ती बाई म्हणाली. "रडतेय म्हणजे श्वास घेतेय."

वच्छलाबाईंनी तरी तिला उचललं आणि छातीशी धरलं.

"लेकराले बुडवायचं हे कोनं शिकवलं तुमाले?"

"मी सिंधू. वीस वर्षं शाळेत पोहणं शिकवलं. एवढ्या लहान मुलांना पोहता येत नाही. पण पडल्यावर उलटं व्हायचं आणि तोंड वर ठेवून पडून राहायचं, हे शिकवता येतं. महिनाभर थोडं थोडं करत ती इथवर आलीय. आज पहिल्यांदा कपड्यांसकट सोडलं."

"आन तरंगून राह्यली, मंग पुढं?"

"पुढे कोणीतरी यायला हवं. तुमच्याकडे शेततळं आहे म्हणे. कसं आहे?"

वच्छलाबाईंनी सांगितलं. संत्र्यासाठी खोदलेलं, दोन पुरुष खोल. चारी बाजू उतरत्या, त्यावर काळा प्लास्टिकचा कागद. शेवाळलेला. गडीमाणूस पडला तरी वर चढता येत नाही.

"कुंपण?"

"नाई."

"मग माझ्या शिकवण्याच्या भरवशावर राहू नका," सिंधूताई म्हणाल्या. "यानं फार तर चार मिनिटं मिळतील."

ढोंगी बाई असं बोलत नाही, हे वच्छलाबाईंच्या लक्षात आलं. त्या सुनेकडे वळल्या.

"मंग मले काहून नाई सांगतलं? वाफ म्हने."

दामिनीनं रेवूला टॉवेलात घेतलं. ती तिचे बूट काढू लागली.

"दिवाळीत मी पाह्यलं, आई. भाऊबीजेच्या दुपारी."

त्या दुपारी रेवूला घेऊन वच्छलाबाई बागेत बाजेवर पडल्या होत्या. डोळा लागला. जाग आली तेव्हा रेवू तळ्याच्या काठावर बसून प्लास्टिकवर हात आपटत होती. त्यांनी धावत जाऊन तिला उचललं होतं, इकडेतिकडे पाहिलं होतं, आणि कोणी नाही असं त्यांना वाटलं होतं.

"मी चहा घेऊन येत होती," दामिनी म्हणाली. "तुमी घरी येऊन सांगान, म्हनून वाट पाह्यली. तुमी नाई सांगतलं."

"तू बी नाई बोलली."

"कशी बोलू? रोज तिले तुमच्याचपाशी ठेवून मले बागेत जा लागते. बोलली असती त तुमी तिले घेतलीच नसती, नाई त माह्याशी बोलल्या नसत्या. ह्यायले, तुमच्या लेकाले, तेवढं सांगतलं. तेच म्हने, आईले नको सांगू."

लुगड्यातून पाणी गळत होतं. "मले भेव वाटलं होतं वं," वच्छलाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी किसनरावांना स्वतःच सगळं सांगितलं. ते उठून बागेत गेले, तळ्याला एक फेरी मारून आले, आणि दुसऱ्या दिवशी जाळीवाल्याला बोलावलं. आठवड्याभरात छातीएवढं कुंपण झालं, फाटकाला वरून कडी बसली, चारी कोपऱ्यांत वर चढायला गाठी मारलेले दोर तळ्यात सोडले गेले.

शिकवणी चालू राहिली. आता वच्छलाबाईही जायच्या आणि हौदाच्या काठावर बसून सिंधूताईंच्या हातांवर नजर ठेवायच्या. ती बाई त्यांना आवडली अशी नाही.

घरी रेवू त्यांच्याजवळ असली की दामिनी काम करता करता दर थोड्या वेळानं हाक मारायची, "रेवू कुठी आहे, आई?" पहिले काही दिवस ते वच्छलाबाईंना फार लागलं. आपली राखण चाललीय, असं वाटायचं, आणि ते खरंही होतं. मग त्यांनी रेवूला समोर ठेवल्याशिवाय हातात काम घेणंच सोडलं. हाक आली की त्या आधी पोरीकडे बघायच्या, मग सांगायच्या, "इथं आहे, माह्या डोळ्यासमोर." दामिनी पुन्हा कामाला लागायची. थोड्या वेळानं पुन्हा विचारायची.