प्रेमदासची हाळी

"खोका," डॉक्टर म्हणाले.

प्रेमदास खोकला. डाव्या बरगड्यांमधून लिंबाएवढा गोळा वर आला आणि श्वास घेताच आत गेला. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, रूपाबाईनं, तोंडाला पदर लावला.

"इथं कधी मार लागला होता का?"

"तीन वरसं झाले, सायेब. जीपीच्या टपावरून पडलो व्हतो. बरगड्या मोडल्या. गावातच चोळून घेतलं."

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या स्टँडवर काळी-पिवळी जीपच्या टपावर पोती बांधायची आणि प्रवासी बोलवायचे, हे प्रेमदासचं तीस वर्षांचं काम. त्याची "हिंगोलीऽ, हिंगोलीऽ" ही हाळी बाजाराच्या पार पलीकडं ऐकू जाई. ती आली की बायाबापड्या घराला कडी लावून झपाझप निघत. पडल्यावर महिनाभरातच तो परत स्टँडवर उभा राहिला. बिडीचा खोकला जुनाच होता. वर्षभरापासून मात्र हाळी दिली की आतून कुणीतरी बोट बाहेर काढल्यासारखं व्हायचं. गावात एक्सरे काढला, त्यात काहीच दिसलं नाही. हिंगोलीत श्वास रोखून, जोर लावून सीटी स्कॅन केला, तेव्हा सापडलं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "हा फुप्फुसाचा हर्निया. बरगड्यांमधला स्नायू फाटलाय. त्या फटीतून फुप्फुस बाहेर येतंय."

"मंग शिवून टाका की."

"शिवतात. जाळी लावून फट बंद करतात. पण तुमची फुप्फुसं बिडीनं पार गेलीत. भूल दिल्यावर शुद्धीवर याल, अशी खात्री कुणी देणार नाही. शिवाय या खोकल्यात टाके टिकायचे नाहीत. नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांशीही बोललो. तेही नको म्हणाले."

"मंग कराव काय आमी?" रूपाबाईनं विचारलं.

"पट्टा बांधा. बिडी बंद. वजन उचलायचं नाही, ओरडायचं नाही. गोळा आत गेला नाही तर लगेच या."

"वरडायचं न्हाई?" प्रेमदासनं हळूच विचारलं. "थोडंबी?"

"थोडंही नाही," म्हणत डॉक्टरांनी फिल्म पाकिटात घातली.

पंधरा दिवस तो घरी बसला. सोळाव्या दिवशी पट्टा आवळून स्टँडवर गेला. जीपचा ड्रायव्हर सुरज म्हणाला, "काका, तुमी नुसते बसा. हॉर्नवर भरून राहिल्या गाड्या."

खरंच भरत होत्या. प्रेमदास बाकावर बसून बघत राहिला.

दुपारी म्हातारी पद्माबाई आली. तिची लेक हिंगोलीच्या दवाखान्यात होती. रोज लेकीचा डबा घेऊन म्हातारी जायची. तिला पाटी वाचता येत नव्हती. घरी बसेपर्यंत प्रेमदासच तिला हात धरून बसवायचा; मागचे पंधरा दिवस ती कुणाला तरी विचारून चढायची. आज ती गर्दीतून वाट काढत, कुणाला न विचारताच, हिंगोलीऐवजी सेनगावच्या जीपमध्ये चढली.

प्रेमदास उठला. जीप सुटली होती. पट्ट्यावर हात दाबून त्यानं सारा जीव एकवटला. "पद्माबाईऽ!"

पट्ट्याखाली गोळा टरारून आला. डोळ्यांपुढं अंधारी आली, पुढचा शब्द खोकल्यात फुटला. चार गाड्यांचे हॉर्न एकदम वाजत होते. कुणी वळून पाहिलं नाही.

वळणावर जीप जरा हळू झाली. मागच्या काचेतून पद्माबाई दिसली. डबा लवंडू नये म्हणून तिनं तो मांडीवर नीट, दोन्ही हातांनी धरला होता.